साक्रे ब्ल्यू आणि फुनाबोरीचा पाव

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादकबाई दुकानात येऊन म्हणाल्या तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. म्हटलं, माझ्या पाठीमागे दुसरं कुणीतरी उभं असेल. इथल्या मराठी मंडळात इंजिनिअर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, पुण्या-मुंबईची शिकलेली माणसं आहेत. माझी शाळा नववीत सुटली.

"मी कशावर लिहू हो?"

"पावावर लिहा. आणि ती तुमच्या दुकानातली शिवी आहे ना, तिच्यावर."

"दिवाळी अंकात शिवी?"

"फ्रेंच आहे ना, चालते," असं म्हणून त्या पिशवी उचलून गेल्या. तेव्हापासून मला झोप नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची बार्शीची. आमचे हे स्वयंपाकी. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या एका भारतीय हॉटेलात त्यांना नोकरी लागली आणि त्यांच्या व्हिसावर मी आणि मुलगी आलो. आमच्या इमारतीत सगळी कॉम्प्युटरवाल्यांची कुटुंबं. त्या बायका चांगल्या होत्या, पण गप्पांत "तुमचं शिक्षण काय झालं?" असा प्रश्न आला की मला गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं आणि मी उठायचे. घरात दूध नसलं तरी उठायचे.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी अरुबाइतो शोधायला निघाले. अरुबाइतो म्हणजे थोड्या तासांची नोकरी, इथे कॉलेजच्या पोरांपासून आज्यांपर्यंत सगळे करतात. फुनाबोरी स्टेशनच्या मागच्या गल्लीत मोरिता-सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताजी, यांचं पावाचं दुकान होतं. दारावर निळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्यांचं कापडी छप्पर, काचेवर वळणदार फ्रेंच नाव. आत मोरिता-सान आणि गल्ल्यावर ओकादा-सान नावाच्या बाई. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही अस्सल टोकियोचे. मोरिता-साननी मला एवढंच विचारलं, "भाकरी येते का?" त्यांना भाकरी हा शब्द ठाऊक नव्हता, त्यांनी हातानं थापून दाखवलं. मी मान हलवली. ते म्हणाले, "मग पिठाशी ओळख आहे. उद्यापासून या."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी खाली मान घालून पिठाचे गोळे तोलत होते. अचानक पाठीमागून मोरिता-सान छाती भरून ओरडले, "साक्रे ब्ल्यूऽऽ!"

माझ्या हातातला गोळा जमिनीवर. मला वाटलं, मला हाकलताहेत. मी घाबरून "जळ्ळं मेलं!" म्हणाले आणि ओढणीला हात पुसत दाराकडे निघाले, चपला घालायला.

तेवढ्यात ओकादा-सान गल्ला सोडून धावत आत आल्या. भट्टीतला एक ट्रे करपला होता. दोघांनी आत वाकून पाहिलं, मागच्या कोपऱ्यात आच जास्त लागतेय असं ठरलं, ट्रे फिरवायची वेळ बदलली, करपलेले पाव पुढे एका टोपलीत गेले. कुणाची चूक, हे कुणी विचारलंच नाही. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी एका पायात चप्पल घालून उभी.

"मंगल-सान, कुठे निघालात?"

मी रडायच्या बेतात. ओकादा-साननी मला स्टुलावर बसवलं आणि नियम सांगितला. या दुकानात काही बिघडलं की ज्याला आधी दिसेल त्यानं हा शब्द मोठ्यानं ओरडायचा. चूक स्वतःची असो, दुसऱ्याची असो, मालकाची असो. ओरडलं की सगळ्यांनी हातातलं काम थांबवून यायचं आणि निस्तरायचं. ओरडणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. इथे स्टेशनवर गार्ड रिकाम्या फलाटाकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलतो ना, तशातलंच हे. चूक मनात ठेवायची नाही, आवाजात आणायची.

"आणि तुम्ही आत्ता काय म्हणालात?" मोरिता-साननी विचारलं.

मला तेव्हा जपानी कितीसं येणार? मी जुळवून सांगितलं, "जळलं आणि मेलं."

त्यांनी करपलेल्या ट्रेकडे पाहून गंभीरपणे मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले.

पावाचं काम बाहेरून सोपं दिसतं. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढंच तर सामान. पण लांबुळका फ्रेंच पाव म्हणजे लहान मूल आहे. थंडीत उठत नाही, उकाड्यात ऐकत नाही, जास्त हाताळलं की रुसतं. वर पात्यानं चिरा द्यायच्या त्या तिरक्या आणि एका झटक्यात; हात कचरला की पाव भलतीकडूनच फुटतो. हे सगळं मी शिकले. ओरडणं मात्र जमेना.

आमच्याकडे चूक ही लपवायची वस्तू. लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली तर तुकडे परसात पुरून यायचे आणि आळ मांजरावर घालायचे. आमच्या ह्यांच्या हॉटेलाच्या किचनमध्ये कांदा करपला तर आधी समोरच्याच्या आईचा उद्धार, मग कढई. एका साध्या कांद्यापायी किती आया! अशा जगातून आलेल्या बाईनं मालकासमोर आपली चूक ओरडून सांगायची म्हणजे काय? पहिल्यांदा माझ्या हातून एक पाव ट्रेबाहेर पडला तेव्हा मी तोंडातल्या तोंडात तो शब्द पुटपुटले. ओकादा-सान म्हणाल्या, "मंगल-सान, ही शिवी आहे की प्रार्थना?"

मग मी घरी सराव केला. भांडी घासताना नळ मोठा सोडून ओरडायचे. मुलगी जपानीतून म्हणायची, "आई, लाज वाटते, खालच्यांना ऐकू जातंय." आमचे हे म्हणायचे, "ओरड ओरड, तेवढंच फ्रेंच येईल घरात."

पुढे पुढे चांगला आवाज लागला. इतका, की गल्लीतल्या आज्यांना सवय झाली. बिघडलेला माल टोपलीत अर्ध्या किमतीत जायचा. आतून शब्द ऐकू आला की बाहेर सायकली थांबायच्या, आज्या आत यायच्या आणि टोपलीपाशी उभ्या राहायच्या. एक आजी तर रोज विचारायच्या, "आज अजून काहीच नाही का बिघडलं?" आणि नाही म्हटलं की खट्टू होऊन जायच्या.

आमच्या मराठी गिऱ्हाइकांचीही एक तऱ्हा. "यात अंडं नाही ना?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "साधा आपला लादी पाव का नाही ठेवत हो?" एका पुणेकर साहेबांनी क्रोसाँ हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे म्हणजे खारीच की. फक्त वाकडी." मोरिता-साननी विचारलं काय म्हणताहेत, मी सांगितलं, फार आवडलं म्हणताहेत. लादी पाव मात्र मी त्यांच्या मागे लागून सुरू करवला. शनिवारी हिगाशी-कसाईतल्या वहिन्या सायकलींवरून यायच्या आणि त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीत पावभाजीचा वास.

असं सगळं छान चाललं होतं. मग एकदा गौरी आली.

गौरी आमच्या बार्शीचीच. क्योतोच्या विद्यापीठात संशोधन करते, त्याआधी फ्रान्समध्ये शिकत होती. टोकियोला काम असलं की आमच्याकडे उतरते. मला ताई म्हणते, आणि माझ्या हातचं शेंगदाण्याचं कालवण खाताना तिचं सगळं शिक्षण गळून पडतं. तिला मी मोठ्या तोऱ्यात दुकानातली गंमत सांगितली. शब्द ओरडूनही दाखवला. ती एवढी हसली की ठसका लागला.

"ताई, अगं फ्रान्समध्ये हे कुणीच म्हणत नाही!"

"म्हणजे? फ्रेंच नाही हे?"

"फ्रेंचच आहे गं. पण फार जुनं." मग तिनं मला नीट समजावलं. पूर्वी तिकडे देवाचं नाव घेऊन शिवी देणं म्हणजे मोठं पाप. माणसाला राग तर येणार, तोंडात देव तर येणार. मग लोकांनी देवाच्या नावाशी यमक जुळणारा एक निरुपद्रवी शब्द शोधला, ब्ल्यू, म्हणजे निळा, आणि तो देवाच्या जागी बसवला. म्हणायचं होतं 'पवित्र देवा', म्हणाले 'पवित्र निळ्या'. तसल्या निळ्या शिव्यांचं एक कुटुंबच होतं म्हणे. काही लोक सांगतात, हा निळा रंग मेरीमातेच्या वस्त्राचा, पण गौरीला ते मागून जोडलेलं वाटतं.

"आपण दिवसभर अरे देवा, अरे देवा करतो, आपला देव रागावत नाही," मी म्हटलं.

"आपण देवाला मोकळं सोडलंय. आईच्या बाबतीत बघ की. 'च्यायला' म्हणणाऱ्याला विचार, कुणाची आई? त्याला आठवणारही नाही. शिवी झिजते गं ताई, साबणासारखी."

"मग ही शिवी जिवंत कशी राहिली?"

"इंग्रजांनी ठेवली. त्यांच्या गोष्टींत, चित्रकथांत, विनोदी सिनेमांत फ्रेंच माणूस आला की त्याला पिळदार मिशी द्यायची, काखेत लांब पाव द्यायचा आणि तोंडात हा शब्द. आपल्या जुन्या हिंदी सिनेमात मद्रासी आला की 'अय्ययो' म्हणायचाच, तसं. खरा फ्रेंच माणूस ऐकेल तर हसेल, नाहीतर चिडेल. तुमचे मोरिता-सान पाव शिकले कुठे?"

"लंडनला. तरुणपणी एका हॉटेलात."

"मग बरोबर आहे," गौरी म्हणाली आणि अजून कालवण वाढून घेतलं.

ती क्योतोला गेली, काळजी माझ्याकडे ठेवून. मोरिता-सानना हे सांगायचं का? ज्या माणसानं मला भाकरीच्या जोरावर कामाला घेतलं, त्याला मी नववी शिकलेली बाई सांगणार की तुमचं फ्रेंच खोटं आहे? मी गप्प बसले. गल्लीत कोण फ्रेंच येणार आहे, म्हटलं.

आणि नेमका फ्रेंचच आला.

त्या वर्षी दुकानाचं काही खरं नव्हतं. स्टेशनजवळच्या कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, पाव स्वस्त मिळायला लागला होता. आज्या म्हाताऱ्या होत होत्या, काही दिसेनाशा झाल्या. मोरिता-साननी आम्हाला समोर बसवून सांगितलं, की खाडीकडच्या एका मोठ्या हॉटेलाला पाव पुरवणारा हवा आहे. त्यांचा मुख्य शेफ स्वतः येऊन काम बघणार, चव बघणार. काम मिळालं तर दुकान चालेल. नाही मिळालं तर नवीन वर्षाआधी दार बंद करायचं.

"शेफ फ्रेंच आहे," ते आनंदानं म्हणाले.

मी ओकादा-सानना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोरिता-सानना आत्ता सांगितलं तर त्यांच्या चिरा वाकड्या पडतील. त्यापेक्षा त्या दिवशी काहीच बिघडायचं नाही, म्हणजे कुणी ओरडायचं नाही." असा आमचा दोघींचा बेत ठरला. आता, काही बिघडू नये असा बेत करून पावाचं दुकान चालतं का? पण भीती वाटली की माणूस असे बेत करतो.

शेफचं नाव लुक. उंच, टक्कल पडलेला, जपानी चांगलं बोलणारा, पण हसण्यात कंजूष. शनिवारी सकाळी आला, हात धुतले आणि सरळ आत येऊन भिंतीपाशी उभा राहिला. मोरिता-साननी नवी टोपी घातली होती आणि पहाटेपासून ती दहादा सरळ केली होती. लांबट पावाचं पीठ त्यांनीच मळून ठेवलेलं. ते शेफला भट्टी दाखवायला लागले आणि मी पीठ तोडून आकार द्यायला घेतला.

पहिल्याच गोळ्याला मला कळलं, काहीतरी चुकतंय. पीठ हाताला चिकटत होतं, ओढलं की फाटत होतं, आणि अवेळीच फुगून बुडबुडे सोडत होतं. मीठ नुसत्या चवीसाठी नसतं. मीठ पिठाला आवर घालतं, यीस्टची घाई रोखतं, पावाच्या सालीला रंग आणतं. मी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. सपक.

मोरिता-सान मीठ विसरले होते.

मी ओकादा-सानकडे पाहिलं, त्या पुढे गिऱ्हाइकात. मोरिता-सानकडे पाहिलं, ते आयुष्यात पहिल्यांदाच एका फ्रेंच माणसाशी पावाबद्दल बोलत होते आणि शाळकरी मुलासारखे खुलले होते. भट्टी तापलेली. ते बोलता बोलता माझ्याजवळ आले, पावांची फळी उचलली, पातं हातात घेतलं. चिरा दिल्या की पाव आत. मग तो अळणी पाव शेफ खाणार, आणि दुकान संपणार. आणि ओरडले तर? वडीलधाऱ्या माणसाची चूक, पाहुण्यासमोर, तीही त्या शब्दात! क्षणभर मनात आलं, धक्का लागल्याचं सोंग करून फळीच पाडावी. खरं सांगते, कोपर पुढे केलंही होतं.

पण तोंड आधी उघडलं.

"साक्रे ब्ल्यूऽऽऽ!"

नळ सोडून केलेला सगळा सराव त्या एका आवाजात आला. शेफ दचकून दोन पावलं मागे सरकला. ओकादा-सान सवयीनं धावत आत आल्या, आणि मला बघून कपाळावर हात मारला. त्यांच्या मागोमाग रस्त्यावरच्या दोन आज्या पर्स उघडत दारात, "काय बिघडलं? काय बिघडलं?" आणि लुक-सान आधी नुसते बघत राहिले, मग त्यांच्या टकलापर्यंत लाली चढली आणि ते जे हसायला लागले ते टेबलाचा आधार घेऊन.

मी म्हटलं, "मीठ नाही."

मोरिता-साननी चिमूट तोंडात टाकली. डोळे मिटले. पातं खाली ठेवलं. मग शेफसमोर कमरेत वाकले. "मीठ मी विसरलो. आज तुम्हाला द्यायला माझ्याकडे पाव नाही."

लुक-साननी डोळे पुसले. "हा शब्द... तुम्हाला कुणी शिकवला? माझ्या आजोबांच्या तोंडूनही मी कधी ऐकला नाही."

"लंडनच्या एका इंग्रजानं," मोरिता-सान म्हणाले.

"वाटलंच!" आणि ते पुन्हा हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी मला विचारलं, "पण तुम्ही ओरडलात का?"

मोरिता-साननी आमचा नियम सांगितला. शेफ ऐकत राहिले. टोपलीपाशी उभ्या आज्यांकडे, मग माझ्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. "भीती नाही वाटली?"

"वाटली," मी म्हटलं. "अजून वाटतेय."

त्यांनी शनिवारचा एक लादी पाव उचलला, उभ्या उभ्या खाल्ला, कळवतो म्हणाले आणि गेले. कळवतो म्हणजे इथे बहुधा नाहीच, हे आम्हाला माहीत होतं.

दुपारी दुकान शांत झाल्यावर मी मोरिता-सानपुढे जाऊन उभी राहिले. माफी मागितली. आणि गौरीनं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं, देव, निळा रंग, इंग्रजांची थट्टा, सगळं.

ते ट्रे पुसत होते, पुसतच राहिले. "मला माहीत आहे," म्हणाले. "लंडनला त्या किचनमध्ये भांडी घासायला एक फ्रेंच माणूस होता. त्यानं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं."

"मग तरीही?"

"मंगल-सान, तिथे मला इंग्रजी येत नव्हतं. सगळे माझ्यावर ओरडायचे. शब्द कळायचे नाहीत, पण ते मलाच म्हणताहेत हे कळायचं. कुणी माझ्या डोळ्यांना, कुणी माझ्या देशाला. फक्त आमचा म्हातारा मुख्य पाववाला, तो इंग्रजच, काही करपलं की छताकडे बघून हा शब्द ओरडायचा. तो कुणालाच उद्देशून नव्हता. मी ठरवलं, माझं दुकान झालं की तिथे हाच शब्द राहील. तो फ्रेंच आहे की नाही, याच्याशी मला काय करायचंय?"

मीही त्यांच्याबरोबर ट्रे पुसायला घेतले. मनात आलं, आपली शाळा सुटली ती एका मास्तरांच्या अशाच बोलण्यानं. ते छताकडे बघून बोलले असते तर कदाचित दहावी झाले असते. त्याची हळहळ अजून आहे, नाही कशाला म्हणू.

काही दिवस गेले. फोन वाजला की आम्ही तिघंही एकदम त्याच्याकडे बघायचो आणि कुणीच उचलायचं नाही. शेवटी एका सकाळी ओकादा-साननी उचलला. बराच वेळ त्या नुसत्या "हाय, हाय", म्हणजे जपानीत हो, हो, करत वाकत होत्या. माझी नजर त्यांच्या पाठीवर. त्यांनी फोन ठेवला आणि एप्रन सरळ केला.

"लुक-सान म्हणाले, त्यांच्या किचनमध्ये काही चुकलं की लोक ते लपवतात, आणि ते त्यांना थेट गिऱ्हाइकाच्या ताटात सापडतं. म्हणाले, जिथे मालकाची चूक पाहुण्यासमोर ओरडून सांगतात, तिथला पाव मी डोळे मिटून घेईन. सोमवारपासून पाठवा."

मोरिता-साननी कोपऱ्यातली झारी घेतली आणि बाहेर जाऊन दारातल्या कुंडीला पाणी घालायला लागले. आमच्याकडे पाठ, खांदे हलताहेत, कितीतरी वेळ.

मी टॉवेल घेऊन निघाले तर ओकादा-साननी माझा हात धरला. "जाऊ नका," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी कुंडीत पडत नाहीये, रस्त्यावर पडतंय. पडू दे."